खाऱ्या वाऱ्यात टिकणारं सायकलचं कॅरिअर: घरच्या पडवीत, पहिल्यापासून

हर्णै, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ला, कुठल्याही बंदरावर लावलेल्या सायकली जरा वाकून पाहिल्या तर गंजाच्या जागा ठरलेल्या दिसतात. पाइपाचं तोंड चेपून बोल्टाला अडकवलेलं असतं तिथे. दोरी बांधतात त्या पट्टीच्या खालच्या अंगाला. एक्सलच्या वॉशरमागे. कॅरिअरचा उघडा, वाऱ्यावरचा भाग त्या मानाने बरा असतो. कारण सरळ आहे. खारं पाणी जिथून वाहून जातं तिथे लोखंड वाचतं. जिथे ते अडकतं तिथे मीठ साचतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे ती जागा पाऊस नसतानाही ओलीच राहते. म्हणून घरी कुठलाही भाग बनवताना, पट्टीला करवत लावण्याआधी, एकच प्रश्न विचारायचा: इथे पडलेलं पाणी जाणार कुठून? पुढची मापं आणि कामांचा क्रम याच प्रश्नाला धरून आहेत.

या लेखात तीन कामं आहेत. मागच्या चाकावर ३० किलो ओझं झेलणारं कॅरिअर, बर्फाचं खारट पाणी चेनवर गळू नये म्हणून क्रेटखाली बसणारं प्लॅस्टिकचं ताट, आणि किनाऱ्यावरून सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढताना पाय सैल पडावेत म्हणून मोठं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र. मापं अठ्ठावीस इंची काळ्या सायकलची दिली आहेत. सव्वीस इंचीला उंची कमी होईल, पद्धत तीच.

आधी एक मनाई. फ्रेम, फोर्क, हँडलचा दांडा आणि क्रँक (पायडल धरणारा दांडा) यांना घरी वेल्डिंग करायचं नाही, भोकही पाडायचं नाही. फ्रेमच्या नळ्या पातळ असतात. घरच्या वेल्डिंगने त्या जळून भोक पडतं किंवा जोडाशेजारची जागा कमजोर होते, आणि तो तडा नेमका उतारावर उघडतो. आपण जे बनवणार ते सगळं फ्रेमला बोल्टाने धरलेलं आणि कधीही सोडवता येणारं असलं पाहिजे. या कॅरिअरवर माणूस बसवायचा नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

सायकल मोजा

सायकल स्टँडवर उभी करा, मागच्या चाकात हवा पूर्ण भरा आणि चार मापं पाटीवर लिहा. एक, एक्सलच्या मध्यापासून मडगार्डच्या माथ्यापर्यंतची उंची. त्यात ३० मिमी मिळवा, ती कॅरिअरच्या चौकटीची उंची; अठ्ठावीसच्या सायकलला ती साधारण ४०५ मिमी येते. दोन, सीटच्या मागच्या टोकापासून एक्सलच्या उभ्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर. तीन, नट काढल्यावर एक्सल फ्रेमच्या बाहेर किती उरतो. मागचा एक्सल बहुतेक ३/८ इंची असतो, म्हणजे साडेनऊ मिमी. कॅरिअरचा ५ मिमी जाड कान (एक्सलवर अडकणारी भोकाची पट्टी), वॉशर आणि नट बसवूनही दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर आधी लांब एक्सल आणा. अर्ध्या आट्यांवर धरलेला नट ओझ्याखाली आटे सोलून निघतो. चार, क्रेट. बाजारातले बरेचसे मासळीचे क्रेट ६०० × ४०० किंवा ५४० × ३६० मिमीच्या आसपास असतात, तरी स्वतःचा मोजूनच घ्या.

क्रेट उभा ठेवायचा की आडवा, इथे नवखे चुकतात. लांबीच्या दिशेने ठेवला तर तो सीटला अडतो आणि ओझ्याचा मध्य एक्सलच्या मागे जातो. मग चढावर पुढचं चाक हलकं होऊन हँडल भिरभिरतं. आडवा ठेवला तर ओझं बरोबर एक्सलवर येतं. अट एवढीच, की क्रेट हँडलपेक्षा रुंद नको, नाहीतर हँडल जिथून गेलं तिथून क्रेट जाईलच याची खात्री नाही, आणि पाखाडीवर, म्हणजे चढाच्या अरुंद वाटेवर, तो कुंपणाच्या जांभ्याला घासतो.

सळी की पाइप

बाहेरून १६ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा पाइप आणि १० मिमीची भरीव सळी यांचं वजन जवळपास सारखं भरतं. सळीचं वजन काढायचं फॅब्रिकेशनवाल्यांचं सूत्र असं: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. १० मिमीला ०.६१७ किलो येतं, आणि हा पाइप साधारण ०.५७ किलोचा. वाकण्याविरुद्धची ताठरता मात्र पाइपाची जवळजवळ चौपट. घाटावरच्या कोरड्या हवेत पाइपच निवडावा. किनाऱ्यावर नवख्याने भरीव सळी घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. पाइपाच्या आत रंग पोहोचत नाही, वेल्डिंगच्या सुईएवढ्या भोकातून दमट हवा आत जाते, रात्री तिचं पाणी होतं, आणि पाइप आतून कुजत असताना बाहेरचा रंग चकचकीत राहतो. सळी गंजली तर डोळ्यांना दिसते. ताठरतेतली तूट आपण पाय इंग्रजी व्हीसारखे तिरपे लावून भरून काढणार आहोत.

पाइपच वापरायचा असेल, तर दोन्ही तोंडं वेल्डिंगने पूर्ण बंद करा किंवा सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचं भोक ठेवा. अर्धवट बंद हा सगळ्यांत वाईट प्रकार. आणि वाकवण्यासाठी पाइपात रेती भरणार असाल तर किनाऱ्यावरची भरू नका. तिच्यातलं मीठ आतच राहतं. पऱ्ह्याची किंवा नदीची रेती गोड्या पाण्यात धुवा, तव्यावर खडखडीत भाजा, मगच भरा. ओली रेती भरून पाइप तापवला तर आत वाफ कोंडते आणि तोंडाचा लाकडी खुंटा गोळीसारखा उडतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपाला वेल्डिंग करण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त दोन-दोन इंच घासून काढा आणि काम उघड्यावरच करा. जळत्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की त्या रात्री थंडी वाजून ताप येतो.

सामान

१० मिमीची एमएस (साध्या पोलादाची) सळी ३ मीटर. चौकटीतल्या आडपट्ट्या आणि पुढचे हात यांसाठी २० × ३ मिमी पट्टी दीड मीटर. एक्सलच्या कानांसाठी ४० × ५ मिमी पट्टीचे ८० मिमीचे दोन तुकडे. सीटखालच्या क्लॅम्पसाठी २० × २ मिमी पट्टी अर्धा मीटर. एम-६ चे २० मिमी लांब बोल्ट आठ, नायलॉनवाले नट आठ, वॉशर सोळा. तयार कॅरिअर अडीच किलोच्या आसपास भरतं.

बोल्टांवर थोडं थांबू. स्टेनलेसच्या नावाखाली दुकानात २०२ ग्रेडही मिळतो आणि तो समुद्राकाठी एका पावसात तांबूस होतो. लोहचुंबक लावून ओळखायला जाऊ नका, २०२ लाही चुंबक चिकटत नाही. ३०४ मागा, मिळाला तर ३१६. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून तो मिठाला जास्त टिकतो. बोल्टाच्या डोक्यावर ए-२ कोरलेलं असेल तर तो ३०४ च्या जातीचा, ए-४ असेल तर ३१६ च्या. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळू नका, मध्येच चिकटून बसतो आणि मग कापावाच लागतो. आट्यांना ग्रीस लावा. आणि ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट लोखंडी भागात अजिबात नकोत. खारं पाणी, मोठं लोखंड आणि त्यात एवढासा ॲल्युमिनियमचा तुकडा असं जुळलं की झीज सगळी त्या तुकड्याची होते. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली की तो गेला समजा.

हत्यारं: घट्ट बोल्टलेला व्हाइस (चार इंची पुरे), हॅकसॉ आणि २४ दात्यांची पाती, सपाट आणि अर्धगोल कानस, सेंटर पंच, ड्रिल आणि ३, ५, ६.५, १० मिमीची बिट्स, गुण्या, डोळ्यांवर चष्मा. वेल्डिंग मशीन नसलं तरी चालेल. कापणं, वाकवणं, बसवून पाहणं घरी करून शेवटचे जोड जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मारून आणता येतात.

चौकट वाकवणं

चौकट म्हणजे इंग्रजी यू. सळीच्या मध्यरेषेने मोजलं तर दोन बाजू ४७५ मिमी आणि मागची आडवी १९० मिमी. बेरीज ११४० येते, पण कोपरे गोल असल्याने सळी थोडी कमी लागते. ५० मिमी व्यासाच्या पाइपाभोवती वाकवलं तर दर कोपऱ्याला १३ मिमी वाचतात, म्हणजे १११४. आपण ११३० कापायची आणि टोकं शेवटी छाटायची.

१. सळीच्या बरोबर मध्यावर खडूने खूण करा. मध्यापासून दोन्हीकडे ६५ मिमीवर वाक सुरू होतो, तिथे खुणा करा. हे ६५ म्हणजे १९० चे निम्मे ९५, त्यातून वाकाची ३० मिमी त्रिज्या वजा.

२. व्हाइसमध्ये सळीच्या शेजारी ५० मिमीचा जाड पाइपाचा तुकडा धरा. सळीच्या मोकळ्या टोकावर दीड हात लांब पाइप घाला आणि सावकाश, एका दमात ओढा. झटके दिले की वाक कोपरासारखा टोकदार होतो.

३. हात सोडला की सळी थोडी परत येते. म्हणून काटकोनाच्या दोन-तीन अंश पुढे न्या आणि गुण्या लावून पाहा.

४. दुसरा वाक घेण्याआधी सळी सपाट लादीवर ठेवा. पहिला वाक लादीला पूर्ण टेकतो का? इथे पीळ राहिला तर चौकट चार पायांवर डुलणाऱ्या पाटासारखी होते आणि नंतर कितीही ठोकलं तरी सरळ होत नाही.

आडपट्ट्या तीन. दोन सळ्यांमधलं आतलं अंतर १८० मिमी येतं, तेवढ्याच मापाच्या कापा आणि टोकं अर्धगोल कानशीने सळीच्या गोलाईला बसतील अशी घासा. पट्ट्या सळ्यांवर आडव्या टाकू नका, दोन सळ्यांच्या मध्ये उभ्या लावा, म्हणजे २० मिमीची बाजू वरखाली. दुकानातल्या कॅरिअरमध्ये पट्टी आडवी असते, तिच्यावर पाणी थांबतं आणि पट्टी-सळीच्या फटीत जाऊन बसतं. उभ्या पट्टीवर पाणी राहायला जागाच नसते, आणि तीच पट्टी वाकायला कितीतरी पटीने कठीण होते. तिन्हींपैकी एक पुढच्या उघड्या तोंडाशी, एक बरोबर एक्सलवर, एक मागे.

पाय आणि कान

पायाच्या चार सळ्या, प्रत्येकी ४३० मिमी. एका बाजूचे दोन पाय खाली कानाजवळ एकत्र येतात आणि वर एक्सलच्या १३० मिमी पुढे व १३० मिमी मागे चौकटीला मिळतात. चौकट १९० रुंद आणि खाली कानांमधलं अंतर साधारण १२०, म्हणून पाय आतल्या बाजूलाही दर बाजूस ३५ मिमी कलतात. काटकोन त्रिकोणाच्या हिशेबाने चौकटीपासून एक्सलपर्यंतची तिरकी लांबी ४२७ येते. कान एक्सलच्या वर येतो तेवढी सळी छाटायची, पण ती बसवून पाहिल्यावर.

कानाला भोक पाडताना पट्टी हातात धरू नका. बिट पलीकडे निघताना अडकतं आणि पट्टी पात्यासारखी फिरते. व्हाइसमध्ये धरा, सेंटर पंच मारा, आधी ३ मिमी, मग ६.५, मग १० मिमी. अधूनमधून तेलाचा थेंब. बिट घासून नुसती भुकटी निघत असेल तर बिट बोथट आहे, लांब कुरळी कात निघाली पाहिजे. कानाचं खालचं टोक गोल घासा, पायाची नडगी तिथेच लागते.

आता सगळे तुकडे सायकलवर मांडा. कान एक्सलवर सैल बसवा, चौकटीखाली मडगार्डवर ३० मिमीचा लाकडी ठोकळा ठेवा, पाय बांधकामाच्या तारेने जागेवर बांधा. दहा पावलं मागे जाऊन बघा: चौकट मागून चाकाशी समांतर दिसते का, बाजूने जमिनीशी समांतर दिसते का. मागचं टोक तसूभर खाली असलेलं चांगलं, म्हणजे पाणी सीटकडे न येता मागे जाईल. समाधान झालं की प्रत्येक जोडावर खडूने आणि सेंटर पंचने खुणा करा आणि सगळं उतरवा.

वेल्डिंग सायकलवर करू नका. टायर-ट्यूब जळणं ही लहान गोष्ट. अर्थिंगचा चिमटा चाकाला लावला तर करंट हबमधल्या (चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या) छऱ्यांतून जातो, छऱ्यांवर सूक्ष्म डाग पडतात आणि चाक नंतर कुरकुरायला लागतं. खाली लादीवर, खुणांप्रमाणे, आधी सगळीकडे टाके (वेल्डिंगचे ठिपक्याएवढे जोड) मारा, उजवा-डावा आळीपाळीने. एकाच बाजूचे जोड पूर्ण केले तर आकसणारं वेल्डिंग चौकट त्या बाजूला ओढून घेतं. टाक्यांवर एकदा सायकलवर बसवून बघा आणि मगच पूर्ण जोड मारा. २.५ मिमीची ६०१३ रॉड आणि ७०-८० अँपिअर एवढं पुरतं.

कोकणात वेल्डिंग बिघडण्याचं एक कारण मशीनमध्ये नसतं, रॉडच्या पुड्यात असतं. आगोटीनंतर उघडा राहिलेला पुडा ओलावा पितो. अशी रॉड तडतडते, जोडाला बारीक भोकं पडतात आणि त्याच भोकांत पुढे मीठ भरतं. रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलावा धरला असेल तर १०० अंशांच्या आसपास तासभर शेकून घ्या, उन्हात ठेवून भागत नाही.

जोड सळीच्या सभोवती पूर्ण फिरवा. चार टाके ओझं धरतील, पण मधल्या फटी पाणी धरतील. जोडावर जमलेला काळा कीट हातोडीने ठोकून, तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. कीट राहिला की त्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

सीटखालचे हात

चौकटीच्या पुढच्या पट्टीपासून सीटखालच्या दोन तिरप्या नळ्यांपर्यंत २० × ३ पट्टीचे दोन हात जातात. त्यांचं काम वजन पेलण्याचं नाही, चौकट पुढे-मागे झुलू न देण्याचं आहे. नळीचा घेर दोरीने मोजा, तेवढ्याच व्यासाच्या सळीवर २० × २ पट्टी वाकवून क्लॅम्प करा, आणि आवळण्याआधी तोंडाशी २ मिमी फट राहील असा ठेवा. फट नसेल तर बोल्ट आवळला तरी नळी धरली जात नाही. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालतात ते योग्यच, क्लॅम्प सरकत नाही. पण त्या रबराखाली पाणी हमखास अडकतं. तुकड्याची फट खालच्या बाजूला ठेवा, आत ग्रीसचा पातळ हात मारा, आणि पावसाळ्याआधी व नंतर तो सोडवून नळी पुसा.

रंग

सगळ्या कामात हा भाग सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि कॅरिअरचं आयुष्य इथेच ठरतं. आधी घासायचं नाही, आधी धुवायचं. चार दिवस पडवीत पडलेल्या लोखंडावर मीठ बसलेलं असतं. तसंच घासलं तर ते खरवडलेल्या धातूत दाबलं जातं आणि सहा महिन्यांत रंगाखाली फोड येतात. गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मग तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२०. परत पाण्याने पुसून पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, प्रायमर लावा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी त्यावर पिवळसर झाक आलेली असते. ती दिसली की घासणं पुन्हा.

कापलेल्या पट्टीची धार बोटाने चाचपून पाहा. कडा टोकदार असेल तर ओला रंग तिच्यावरून दोन्हीकडे ओढला जातो आणि नेमकी कड उघडी पडते. म्हणून सगळ्या कडा कानशीने १-२ मिमी गोल करा आणि प्रायमरचा पहिला हात फक्त कडांना, जोडांना आणि भोकांच्या आत ब्रशने मारा. तो सुकल्यावर पूर्ण हात. रेड ऑक्साइड सगळीकडे मिळतो आणि आतल्या गावांत पुरतो. किनाऱ्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्या, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. डोळ्यांच्या अंदाजाने कालवलेला एक तर चिकट राहतो, नाहीतर ठिसूळ होतो. वर इनॅमलचे दोन हात.

रंगाला वेळ धरावी लागते. दिवाळी ते शिमगा हा हंगाम, आणि दिवसा दहा ते तीन. संध्याकाळी लोखंड हवेच्या आधी गार होतं, त्यावर न दिसणारं दव बसतं आणि रंग त्या दवावर चढतो. पावडर कोटिंग दिसायला सुरेख असतं, पण क्रेट घासून एक टवका उडाला की गंज आतल्या आत पसरतो आणि घरी दुरुस्तीही होत नाही. ब्रशने लावलेला रंग ब्रशनेच दुरुस्त होतो.

ओझं सुंभाने बांधू नका. सुंभ खारं पाणी धरून ठेवतो आणि ओला असताना सळीवर पॉलिश पेपरसारखा चालतो. जुन्या ट्यूबच्या अंगठ्याएवढ्या रुंद पट्ट्या कापा. त्या ताणून बसतात आणि पाणी पीत नाहीत.

क्रेटखालचं ताट

मासळीच्या क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचं पाणी गळतं, आणि सायकलच्या बरोबर उजव्या बाजूला चेन असते. चेनवर तेल घालून हे सुटत नाही, पाण्याची वाटच बदलावी लागते.

प्लॅस्टिकच्या जुन्या निळ्या पिंपाचा सपाट भाग कापा, ३ मिमी जाडीचा असला की पुरे. ज्या पिंपात रसायन होतं ते घेऊ नका. माप क्रेटच्या तळापेक्षा चारही बाजूंनी २५ मिमी जास्त. तो जास्तीचा काठ गरम हवेने मऊ करून लाकडी फळीच्या कडेवर वर वळवा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. लवकर सोडला तर काठ परत पसरतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात १६ मिमीचं भोक, त्यात बागेच्या नळीचा तुकडा, आणि नळीचं तोंड एक्सलच्या खाली, चाकाच्या बाहेर. ताटाखाली उजव्या-पुढच्या बाजूला रबराचे तुकडे लावून तो कोपरा १० मिमी उचला, म्हणजे पाणी आपोआप मागे डावीकडे जाईल.

हे प्लॅस्टिक कुठल्याही गोंदाने नीट चिकटत नाही, बोल्टच लागतात. आणि उन्हात ते चांगलंच वाढतं: अर्ध्या मीटरच्या ताटात सकाळ-दुपारचा फरक २ मिमीपर्यंत जातो. गोल भोकांत घट्ट बोल्ट मारले तर दुपारी ताट पापडासारखं फुगतं. म्हणून एक भोक गोल, बाकीची ३ मिमी लांबट, मोठे वॉशर, आणि नट हाताने हलेल इतपतच. बंदरावरून आल्यावर ताटात आणि कॅरिअरवर तांब्याभर गोडं पाणी ओता. या एका सवयीचा उपयोग महागड्या रंगापेक्षा जास्त होतो.

चढासाठी फ्रीव्हील

पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक २.४४ वेळा फिरतं. मागे २२ लावले तर बरोबर २. चढावर पायावरचा जोर १८ टक्क्यांनी उतरतो. मिनिटाला ६० फेऱ्यांनी सपाटीवरचा वेग ताशी २० किमीवरून १६ वर येतो. ओझं घेऊन बंदरापासून सड्यापर्यंत जायचं असेल तर हा सौदा फायद्याचा आहे.

जुनं फ्रीव्हील पायडल मारून मारूनच आवळलेलं असतं, त्यामुळे ते घट्ट असणारच. फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारं, ते उघडायचं खास हत्यार घ्या, ते एक्सलच्या नटाने हलकं दाबून धरा, व्हाइसमध्ये पकडा आणि पूर्ण चाक दोन्ही हातांनी डावीकडे फिरवा. सुटल्याचा झटका बसला की लगेच थांबा आणि नट सैल करा. तसंच फिरवत राहिलात तर नट अडतो आणि एक्सलचे आटे जातात. नवं चढवण्याआधी हबच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या हवेत दोन वर्षांनी ते निघणारच नाही. आटे बारीक असतात. म्हणून फ्रीव्हील आधी उलटं फिरवा, टक असा खाली बसल्याचा स्पर्श होईल, तिथून सुलटं. हाताने सहज तीन फेरे गेलं तरच पुढे जा.

चेनचा हिशेब: मागचे ४ दाते वाढले की चेनच्या २ कड्या वाढतात आणि चाक जवळजवळ होतं तिथेच राहतं. २० दात्यांचं लावलं तर कडी न वाढवता चाक साधारण ६ मिमी पुढे येतं, खाचेत तेवढी जागा आहे का ते आधी बघा. जुन्या चेनला नवा तुकडा जोडू नका. चेनच्या २४ कड्या मोजा: नवी असताना त्या बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरल्या तर चेनही बदला, नाहीतर झिजलेली चेन नव्या दात्यांवर उड्या मारते. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. चेन मधोमध दाबली की १२ ते १५ मिमी हलली पाहिजे. एक्सलवर क्रम असा: आधी स्टँडचा कान, मग कॅरिअरचा, मग वॉशर, नट. चेनला खोबरेल घालू नका. ते चिकट होऊन जांभ्याची लाल धूळ धरून ठेवतं आणि ती धूळ कानशीसारखी चालते.

ओझं चढवून पाहणं

पहिल्या दिवशी १० किलो रेतीची पिशवी, दोन किलोमीटर, सपाटीवर. परत येऊन कॅरिअरचे सगळे नट आवळा (ताटाचे सैलच राहू द्या), पहिल्या फेरीत रंग दबल्याने ते सैल होतातच. दुसऱ्या दिवशी २० किलो, मग ३०. प्रत्येक वेळी उतारावर जाण्याआधी ब्रेक ओले करून पाहा. ओल्या क्रोमच्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, आणि ३० किलो मागे असताना तो उशीर लांबलचक असतो. ब्रेकचे रबरी गुटके झिजलेले असतील तर ओझं चढवू नका. मागचे आरे एकेक करून टिचकीने वाजवा. एखादा बद्द आवाज देत असेल तर तो सैल आहे, आधी चाक सरळ करून घ्या. क्रेटमुळे मागचा रिफ्लेक्टर झाकला जातो, तो चौकटीच्या मागच्या सळीवर आणून लावा.

पहिला महिनाभर दर आठवड्याला जोडांकडे उजेडात बघा. तडा आधी धातूत दिसत नाही, रंगावर केसाएवढी तांबूस रेघ उमटते, बहुधा पाय जिथे चौकटीला मिळतो तिथे, वेल्डिंगच्या अगदी काठाला. रेघ दिसली तर त्यावर नुसता रंग मारू नका. जागा घासून उघडी करा, तडा कानशीने तळापर्यंत खोदा, नव्याने जोड मारा, आणि पाय आतल्या बाजूला ताणून बसवला होता का ते तपासा. वेल्डिंगनंतर ओढून-ताणून बोल्टात बसवलेलं कॅरिअर ओझं नसतानाही ताणाखाली असतं आणि तिथेच फाटतं. बोल्ट काढल्यावर कान एक्सलवरून सहज निघाला आणि सहज परत बसला, तर बसवणं बरोबर आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कॅरिअर उतरवून ठेवा, एक्सल आणि क्लॅम्पखालच्या जागा पुसून ग्रीस लावा, हब उघडून छरे बदला: मागे दर बाजूला १/४ इंची ९, पुढे ३/१६ इंची १०. टवके उडाले असतील तिथे तात्पुरता ग्रीसचा हात पुरे, रंगाचा डबा दिवाळीनंतर उघडा.